तोच प्रोग्रॅम, तोच स्टार: लिनक्सवर धावतो, विंडोजवर अडतो

तापीकाठ

नमस्कार मंडळी. केळीवरच्या चरक्यासाठी (कडाक्याच्या थंडीने बागेला होणारी इजा) एक छोटा पायथन प्रोग्रॅम लिहिलाय. हवामानाच्या सीएसव्ही फायली घेतो आणि किमान तापमान कुठल्या रात्री किती खाली गेलं, सलग किती रात्री तसंच राहिलं, ते तालुक्यानुसार छापतो. रावेर-यावलकडचे काही बागायतदार आणि एक केळी ग्रुपवाले वापरणार आहेत.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे असं चालवतो:

पायथन चरका.पीवाय *.सीएसव्ही

जळगाव जिल्ह्याच्या १५ तालुक्यांच्या १५ फायली बिनबोभाट वाचल्या जातात. तोच फोल्डर पेनड्राइव्हवर घालून ग्रुपवाल्यांच्या विंडोज मशीनवर नेला, काळ्या खिडकीत तीच ओळ टाकली, तर पायथन म्हणतो, "अवैध आर्ग्युमेंट: *.सीएसव्ही". पॉवरशेलमध्येही तेच. पायथनची आवृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

गंमत अशी की वाइल्डकार्डसाठी (म्हणजे कुठल्याही मजकुराच्या जागी चालणाऱ्या त्या स्टारसाठी) मी प्रोग्रॅममध्ये एक ओळही लिहिलेली नाही. त्यामुळे विंडोजवर का चालत नाही यापेक्षा लिनक्सवर चालतंच कसं, हे आधी कुणीतरी सांगा.

भुसावळ_यार्ड

भाऊ, प्रश्न बरोबर टोकाने धरलाय. प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत सिस.आर्गव्ही (प्रोग्रॅमला मिळालेल्या आर्ग्युमेंटची यादी) छापून बघ. लिनक्सवर १६ नोंदी दिसतील: चरका.पीवाय आणि पुढे १५ फायलींची नावं. विंडोजवर दोनच दिसतील: चरका.पीवाय आणि *.सीएसव्ही. म्हणजे लिनक्सवर तुझ्या प्रोग्रॅमला स्टार कधी भेटलेलाच नाही. बॅशने, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या शेलने, तो आधीच उघडला, जुळणारी नावं वर्णक्रमाने लावली आणि मग पायथनला हाक मारली.

विंडोजचा सीएमडी (ती काळी खिडकी) यातलं काही करत नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमला तो ओळ जशीच्या तशी देतो, काय करायचं ते प्रोग्रॅमने बघावं. विंडोजवरचं पॉवरशेलही बाहेरच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत असंच वागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लिनक्सवर शेल हा अडत्या आहे, माल निवडून, प्रतवारी करून समोर ठेवतो. विंडोजवर ट्रॅक्टर थेट तुझ्या दारात.

तुझा एरर "फाइल सापडली नाही" असा न येता "अवैध आर्ग्युमेंट" असा का आला, तेही यातच आहे. विंडोजवर फाइलच्या नावात स्टार चालतच नाही, म्हणून शोधाशोध न करता नावच नाकारलं. लिनक्सवर *.सीएसव्ही या नावाची खरीखुरी फाइल बनवता येते. (बनवू नकोस.)

कळणाभाकरी

यात फार खोल जायची गरज नाही. पायथनमध्ये पॅटर्नला जुळणाऱ्या फायली शोधणारं ग्लॉब मॉड्यूल आहे. प्रत्येक आर्ग्युमेंट ग्लॉबमधून काढ, जे येईल ते वाच. दोन्हीकडे चालेल. विषय संपला.

भुसावळ_यार्ड

विषय तिथेच सुरू होतो हो. लिनक्सवर शेलने एकदा उघडलेलं नाव प्रोग्रॅमने दुसऱ्यांदा उघडलं तर काय होतं ते बघा. समजा फोल्डरमध्ये रावेर[१].सीएसव्ही अशी फाइल आहे. एकच फाइल दोनदा आली की काही प्रोग्रॅम असा चौकटी कंस लावतात. शेल स्टार उघडून हे नाव अचूक देतो. आता तुमचा ग्लॉब या चौकटी कंसाला पॅटर्न समजणार: "कंसातल्या अक्षरांपैकी कुठलंही एक". मग तो रावेर१.सीएसव्ही शोधायला जातो. ती फाइल नसेल तर यादी रिकामी आणि रावेरची मूळ फाइल गुपचूप गाळली जाते, एररसुद्धा नाही. ती असेल तर आणखी वाईट, कारण मग एकाच तालुक्याचा डेटा दोनदा मोजला जातो. चरक्याच्या हिशोबात असं झालं तर आकडे दिसायला ठीकच दिसतात.

म्हणून नियम असा: जे नाव शेलने उघडून दिलंय, त्याला प्रोग्रॅमने परत हात लावायचा नाही. फक्त विंडोजवर, आणि तेही आर्ग्युमेंटमध्ये स्टार किंवा प्रश्नचिन्ह (कुठल्याही एका अक्षराच्या जागी चालणारं) असेल तरच, उघडायचं.

मेहरुणची_बोरं

भुसावळ_यार्ड दादांशी सहमत, त्यात दोन भर.

विंडोजवर स्टार-प्रश्नचिन्ह नावात येऊच शकत नाहीत, म्हणून तिथे "हे वाइल्डकार्ड आहे" हा अंदाज कधी चुकत नाही. पण चौकटी कंस विंडोजच्या नावात चालतो, आणि विंडोज वापरणाऱ्याला तो पॅटर्न आहे हे माहीतही नसतं. तेव्हा ग्लॉबला देण्याआधी प्रत्येक उघडणारा चौकटी कंस स्वतःच कंसात घालायचा, [[] असा. म्हणजे तो साधं अक्षर ठरतो. ग्लॉब.एस्केप नावाचं फंक्शन पायथन ३.४ पासून आहे, पण ते स्टारलाही निष्प्रभ करतं, त्यामुळे इथे थेट उपयोगी नाही.

दुसरं, ग्लॉब जी यादी देतो तिचा क्रम नक्की नसतो. फाइल सिस्टिम देईल तसा. एनटीएफएसवर (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) बहुधा वर्णक्रमानेच येते, म्हणून आपल्याला वाटतं की लावलेली आहे. पेनड्राइव्हवरच्या फॅट फाइल सिस्टिमवर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने येऊ शकते. सलग रात्री मोजायच्या तर क्रम हुकला की हिशोब हुकला. सॉर्टेडमध्ये गुंडाळ, एका शब्दाचं काम आहे.

आणि फाइल्सची नावं १, २, ... १०, ११ अशी असतील तर सॉर्ट केल्यावर १ नंतर १० येतं. ०१, ०२ अशी ठेव.

तापीकाठ

आर्गव्ही छापून बघितलं, १६ आणि २ च निघाले. एवढी वर्षं मला वाटायचं की एलएस (यादी), सीपी (कॉपी), आरएम (डिलीट) या सगळ्यांना स्टार कळतो.

मग एक शंका. सी मध्ये लिहिलेली एक जुनी युटिलिटी माझ्याकडे आहे, ती विंडोजवर स्टार बरोबर घेते. तिच्या सोर्समध्येही वाइल्डकार्डचा मागमूस नाही.

भुसावळ_यार्ड

मिनजीडब्ल्यू या कंपायलरने कंपाइल केली असणार. त्याची रनटाइम लायब्ररी प्रोग्रॅमचं मेन फंक्शन सुरू होण्याआधी स्वतःच स्टार उघडते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तोच सोर्स बांधला तर उघडत नाही, त्यासाठी लिंक करताना सेटआर्गव्ही.ओबीजे जोडावी लागते. म्हणजे सोर्स एक, कंपायलर दोन, वागणं दोन. विंडोजवर "हा प्रोग्रॅम स्टार घेतो का" याचं उत्तर प्रोग्रॅमगणिक वेगळं असतं ते यामुळेच.

सातपुडा_रेंज

थोडा इतिहास टाकतो, कारण "लिनक्स शहाणं, विंडोज अडाणी" असा सूर लागायला वेळ लागत नाही.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये शेललाही स्टार उघडता येत नव्हता. स्टार दिसला की शेल एका वेगळ्या प्रोग्रॅमला बोलवायचा. तो डेनिस रिचींनी लिहिला होता आणि इटीसी फोल्डरमध्ये ग्लॉब नावाने असायचा. तेच नाव आज पायथनच्या मॉड्यूलला आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल आला आणि हे काम शेलच्या पोटात गेलं. त्यामागचा विचार असा की एकाच ठिकाणी नीट लिहा, म्हणजे पुढच्या शेकडो प्रोग्रॅमना त्याची काळजी नको.

डॉसने उलट वाट धरली, आणि तिचाही एक फायदा आहे. तिथे

रेन *.टीएक्सटी *.बॅक

चालतं, कारण नाव बदलणाऱ्या रेनला दोन्ही पॅटर्न जसेच्या तसे दिसतात आणि कशाचं काय करायचं ते कळतं. लिनक्सवर त्याच कामाच्या एमव्हीला हे देऊन बघा. फोल्डरमध्ये बॅकवाली एकही फाइल नसेल तर दुसरा पॅटर्न न उघडता तसाच जातो. टीएक्सटी फाइल एकच असेल तर तिचं नाव खरोखरच *.बॅक होऊन बसतं. अनेक असतील तर "*.बॅक हा फोल्डर नाही" म्हणून एमव्ही हात वर करतो. आणि जर एक टीएक्सटी, एक बॅक असेल, तर पहिली दुसरीच्या जागी जाते आणि जुनी बॅक गेली ती गेलीच. पॅटर्न प्रोग्रॅमपर्यंत पोचलाच नाही की प्रोग्रॅमला वापरणाऱ्याचा हेतू कळत नाही.

कळणाभाकरी

बरं, मग माझी पण एक अडचण सांगतो. आमच्याकडे बाजारभावाच्या महिन्याच्या झिप फायली येतात. लिनक्सवर

अनझिप *.झिप

केलं की "फाइलनेम नॉट मॅच्ड" येतं. झिप खराब नाहीत, एकेक दिली की उघडतात.

मेहरुणची_बोरं

हे तर या धाग्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण! शेलने स्टार उघडला, तर अनझिपला मिळालं: अनझिप जानेवारी.झिप फेब्रुवारी.झिप मार्च.झिप. अनझिपच्या नियमाप्रमाणे पहिलं नाव झिपचं आणि पुढची नावं त्या झिपच्या आतल्या फाइल्सची. तो जानेवारीच्या आत मार्च.झिप शोधतोय.

अनझिपला स्वतःला वाइल्डकार्ड कळतं. त्याच्यापर्यंत ते पोचू द्या, अवतरणात घालून:

अनझिप '*.झिप'

फायली शोधणाऱ्या फाइंडच्या -नेमलाही तसंच अवतरण लागतं. फाइंड . -नेम *.सीएसव्ही असं उघडं टाकलं आणि चालू फोल्डरमध्ये एकच सीएसव्ही असेल, तर फाइंड सगळ्या पोटफोल्डरमध्ये फक्त तेच एक नाव शोधत बसतो. एकही नसेल तर नशिबाने बरोबर चालतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

विंडोजवाल्यांसाठी: सीएमडीत एकेरी अवतरण हे अवतरणच नाही, ते साधं अक्षर. तिथे दुहेरी वापरा.

कळणाभाकरी

भाऊ नही, ताई म्हनाले जोयजे तुमले! उघडनं. बठ्ठा महिना एकाच टायमाले.

अमळनेरकर_पुण्यात

मी दोन दिवस हा धागा वाचतोय, आता राहवत नाही. तुम्ही फायलींची नावं मराठीत ठेवता ना? मग प्रश्नचिन्हाचा खेळ करून बघा. तापीकाठ, तुझ्या त्या १५ फायलींच्या फोल्डरमध्ये टाक:

एलएस ????.सीएसव्ही

चार अक्षरी तालुके हवेत. काय काय येईल, आधी कागदावर लिही, मग एंटर मार.

तापीकाठ

कागदावर: जळगाव, भडगाव, भुसावळ, जामनेर, एरंडोल, बोदवड.

स्क्रीनवर: यावल.

एकटं यावल! आणि यावल तर तीन अक्षरी आहे. हे काय शे?

अमळनेरकर_पुण्यात

प्रश्नचिन्ह एक "अक्षर" मोजत नाही, एक युनिकोड चिन्ह मोजतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही वेगळी चिन्हं. यावल म्हणजे य, काना, व, ल, झाली चार. जळगाव पाच: ज, ळ, ग, काना, व. भुसावळ सहा, कारण भ चा उकार आणि स चा काना वेगळे. तुझ्या यादीतलं एकही नाव चार चिन्हांचं नाही आणि जे चार चिन्हांचं आहे ते यादीत नाही.

पुढे ऐक. लोकॅल (मशीनची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असेल तरच हे. लोकॅल नुसता सी असेल तर बॅश बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. म्हणजे यावलसाठी १२ प्रश्नचिन्हं.

तीन बाइटचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो. लिनक्सच्या एक्सटी४ फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं. एनटीएफएसची मर्यादा २५५ आहे, पण ती यूटीएफ-१६ च्या एककांत, तिथे देवनागरी चिन्ह एकच एकक खातं. "अमुक महसूल मंडळातील तमुक गावांची दैनंदिन..." छाप सरकारी नावाची फाइल विंडोजवर सुखाने नांदते आणि लिनक्सवर कॉपी करताना "नाव फार लांब" म्हणून अडते.

मेहरुणची_बोरं

यात शेतकऱ्यांची_यादी.सीएसव्ही पण घ्या. तो "ऱ्या" तीन प्रकारे टाइप होतो आणि तिन्ही दिसायला सारखे. एक: ऱ हे एकच चिन्ह, मग हलन्त, मग य. दोन: र, नुक्ता, हलन्त, य. तीन: साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह, य. जुन्या की-बोर्डांवरून तिसरा येतो. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर नाव सुटं करून साठवतात, तिथून दुसरा येतो.

शेल चिन्हाला चिन्ह जुळवतो, दिसण्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही शेतकऱ्* टाइप केलंत आणि फाइल दुसऱ्याच प्रकाराने लिहिलेली असेल, तर डोळ्यासमोर फाइल आहे आणि शेल म्हणतो नाही. पायथनमध्ये युनिकोडडेटाने एनएफसी (जोडलेलं प्रमाण) रूप करून घेतलं की पहिला आणि दुसरा एक होतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो. त्यासाठी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे च्या जागी ऱ-हलन्त हाताने बदलावं लागतं.

माझं मत: नाव मराठीत ठेवा, पण पॅटर्न शेत* इतकाच ठेवा. जोडाक्षराच्या अलीकडे थांबा.

सातपुडा_रेंज

उत्तम. आणि आकड्यांचं विसरू नका. इंग्रजी अंकांची रेंज दिली तर ती २०२४ ला जुळत नाही. मराठी अंकांसाठी [०१२३४५६७८९] असं पूर्ण लिहिलेलं सगळ्यात बिनधोक.

विंडोजवरचा एक जुना सापळाही नोंदवून ठेवतो, कारण ग्रुपवाल्यांकडे एक्सेल असणारच. ज्या ड्राइव्हवर ८.३ ची छोटी नावं (८ अक्षरी नाव, ३ अक्षरी एक्स्टेन्शन) चालू आहेत, तिथे

डेल *.एक्सएलएस

हे एक्सएलएसएक्स फायलीही उडवतं. प्रत्येक लांब नावामागे एक छोटं नाव दडलेलं असतं आणि त्यात एक्स्टेन्शन तीनच अक्षरी, म्हणजे एक्सएलएस. विंडोज दोन्ही नावं तपासतं. पायथनचा ग्लॉब फक्त लांब नाव बघतो. त्यामुळे आधी पायथनने यादी काढून खात्री केली आणि मग डेल मारलं, तर यादीत नसलेल्या फायलीही जातील.

कळणाभाकरी

मी एका फोल्डरमध्ये रोजच्या रोज गाववार फायली साठवतोय, आता एलएस *.सीएसव्ही पण "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" म्हणतो. एलएस इतका जुना प्रोग्रॅम, त्याला एवढंही झेपत नाही?

भुसावळ_यार्ड

एलएस सुरूच झाला नाही, बिचाऱ्याला कशाला बोल लावता. शेलने उघडलेली सगळी नावं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) एकदम द्यावी लागतात आणि तिथे मर्यादा आहे. लिनक्सवर पूर्वी १२८ केबी होती, २००७ च्या २.६.२३ कर्नलपासून स्टॅकच्या मर्यादेचा चौथा हिस्सा, म्हणजे नेहमीच्या ८ एमबी स्टॅकला २ एमबी. वरती अमळनेरकरांनी सांगितलेले ३ बाइट इथेही मोजा: ३० चिन्हांचं मराठी नाव ९० बाइटचं, वरचा खर्च धरून सुमारे १०० बाइट. वीसेक हजार फायलींना ताट भरलं.

सोपा उपाय: फाइंडला अवतरणात पॅटर्न द्या आणि -एक्झेक च्या शेवटी {} + लावा. तो नावांचे गठ्ठे करून मर्यादेत बसतील तेवढेच पाठवतो. पण लक्षात ठेवा, गठ्ठे पडले की प्रोग्रॅम अनेकदा चालतो. बेरीज करणारा प्रोग्रॅम असेल तर प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी बेरीज मिळेल.

आणि बाहेरून आलेल्या फायलींवर नुसता * वापरू नका, ./* वापरा. एखाद्या फाइलचं नाव उणे चिन्हाने सुरू होत असेल तर आरएम त्याला नाव न समजता ऑप्शन समजतो.

तापीकाठ

प्रोग्रॅम बदलला. विंडोज असेल आणि आर्ग्युमेंटमध्ये स्टार किंवा प्रश्नचिन्ह असेल तर चौकटी कंस झाकून ग्लॉब, मग सॉर्टेड. बाकी वेळी नाव जसंच्या तसं. काहीच जुळलं नाही तर "*.सीएसव्ही ला एकही फाइल जुळली नाही" असं स्पष्ट छापून थांबतो. बॅशमध्ये काही जुळलं नाही की स्टार तसाच येतो, तिथेही हाच संदेश देतो.

नल्‌ग्लॉब हा बॅशचा पर्याय चालू ठेवायचा विचार होता, म्हणजे न जुळलेला पॅटर्न गायबच होईल.

मेहरुणची_बोरं

नल्‌ग्लॉब स्क्रिप्टच्या आत ठीक, रोजच्या टर्मिनलमध्ये नको. पॅटर्न गायब झाला की एलएस *.सीएसव्ही चं नुसतं एलएस होतं आणि तो सगळा फोल्डर दाखवतो. कॅटचं तर नुसतं कॅट होतं आणि ते की-बोर्डकडे बघत बसतं. झेडशेल न जुळल्यास कमांडच चालवत नाही. मला तेच आवडतं. बॅशमध्ये तसं हवं तर फेलग्लॉब हा पर्याय.

अमळनेरकर_पुण्यात

मला एक विचारायचंय, जरा मुळावरच. हे बागायतदार खरंच काळ्या खिडकीत स्टार टाइप करणार आहेत का? प्रोग्रॅमला फोल्डरचं नाव द्यावं, आतल्या सीएसव्ही त्याने स्वतः शोधाव्यात. मग शेल कुठलंही असो, फरक पडत नाही, नावांची मर्यादाही आडवी येत नाही. फायलींची यादी देण्याची सोय तुझ्यासारख्यांसाठी ठेव. काही डेटा लॉगर एक्स्टेन्शन मोठ्या लिपीत देतात, आणि लिनक्स लहान-मोठी लिपी वेगळी मानतं. तुलना करताना दोन्ही चालवून घे.

भुसावळ_यार्ड

+१. मी एवढं लांबण लावलं आणि खरं उत्तर हे होतं.

तापीकाठ

पटलं, फोल्डरच घेतो. ग्रुपवाल्यांना डेस्कटॉपवर बॅच फाइल करून देतो, डबल क्लिक केलं की चालेल.

शेवटची शंका: माझ्या मशीनवर रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) यावलचा रिपोर्ट काढतो, त्या ओळीत या*.सीएसव्ही आहे. हाताने चालतं, क्रॉनमध्ये "जुळली नाही".

अमळनेरकर_पुण्यात

क्रॉन तुझ्या होम फोल्डरमधून चालतो, डेटाच्या फोल्डरमधून नाही. तिथे या ने सुरू होणारी सीएसव्ही नसणार. कमांडच्या आधी सीडी करून && लाव, किंवा पूर्ण पाथ दे. शिवाय क्रॉनमध्ये लोकॅल बहुधा सेट केलेला नसतो, तेव्हा त्या ओळीत प्रश्नचिन्ह कुठे असेल तर ते बाइट मोजेल. स्टारला त्याने फरक पडत नाही. क्रॉनटॅबच्या वरच्या बाजूला एलसी_ऑलला यूटीएफ-८ चा लोकॅल दे, म्हणजे पायथनलाही मराठी छापताना अडचण यायची नाही.

तापीकाठ

सीडीनेच झालं. एलसी_ऑल पण टाकून ठेवलं. बॅच फाइल कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.